दाभोळ-धोपावे जंगलजेटी: सागरी महामार्गाचा पाण्यातला तुकडा

माझं माहेर अंजनवेल, सासर कोळथरे. मधे रत्नागिरी जिल्ह्यातली दाभोळची खाडी. १९९१ मध्ये लग्न झालं तेव्हापासून मी ही खाडी ओलांडते आहे. सुरुवातीला होडीतून, मग लाँचमधून आणि २००३ पासून जंगलजेटीतून. बाहेरगावची माणसं फेरीबोट म्हणतात. आमच्याकडे दोन्ही तीरांवर ती जंगलजेटीच.

या सेवेबद्दल लिहिणारे बहुतेक जण फिरायला आलेले असतात. गाडीसकट बोटीत बसलो, मुलं खूश झाली, फोटो छान आले, असं लिहितात. ते खरंच आहे. पण मला ती तशी बघताच येत नाही. माझ्या लेखी तो रस्ता आहे, आणि रस्त्याला जे विचारायचं तेच मी तिला विचारणार. रोज चालू असतो का? पावसात साथ देतो का? डोक्यावर टोपली घेतलेल्या बाईला परवडतो का? अडीनडीला उपयोगी पडतो का?

रस्ता म्हणते ते उगाच नाही. रायगडातल्या रेवसपासून सिंधुदुर्गातल्या रेड्डीपर्यंत किनाऱ्याने जाणारा सागरी महामार्ग सरकारदरबारी प्रमुख राज्य महामार्ग क्रमांक ४. बॅरिस्टर अंतुले १९८० ते ८२ मध्ये मुख्यमंत्री होते, त्यांनी ही कल्पना लावून धरली. स्वतः कोकणातले, सावित्रीकाठच्या आंबेतचे, त्यामुळे खाडीपलीकडचं गाव दिसतं पण गाठता येत नाही म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मुंबई-गोवा महामार्ग आत, डोंगराच्या अंगाने गेला. तिथे नद्या अरुंद, पूल सोपे. त्याच नद्या समुद्राजवळ येईपर्यंत खाड्या होतात आणि किनाऱ्याची गावं एकमेकींपासून तोडून टाकतात. राजपुरीची खाडी, सावित्रीची बाणकोट खाडी, वाशिष्ठीची दाभोळ खाडी, शास्त्रीची जयगड खाडी. सागरी महामार्ग कागदावर सलग, जमिनीवर तुकड्यातुकड्यांचा. आमच्या बाजूने बुरोंडी, कोळथरे करत रस्ता दाभोळला येतो, बंदराच्या उतारावरून खाली जातो आणि थेट पाण्यात शिरतो. पलीकडे धोपाव्याला तोच रस्ता पाण्यातून वर येतो आणि गुहागरला निघतो. मधला पाण्याचा तुकडा दहा मिनिटांचा. राज्य महामार्गाच्या किलोमीटरच्या दगडाला हिरवी टोपी असते. त्या दहा मिनिटांत एकही दगड नाही, पण रस्ता तोच आहे.

हा तुकडा नव्हता तेव्हाची गोष्ट सांगते, म्हणजे आज तो काय आहे ते कळेल.

आमचं लग्न मे महिन्यात अंजनवेलला झालं. वऱ्हाड दाभोळपर्यंत ट्रकने आलं आणि तिथून लाँचने वेलदूरला उतरलं. परतताना मी, करवल्या, रुखवत, सगळं त्याच लाँचमध्ये. वारा सुटला होता. रुखवतातला सांदणांचा डबा आणि क्रोशाचं तोरण मी मांडीवर धरून बसले होते, तरी तोरण भिजलंच. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लोखंडी कपाट दिलं होतं. ते लाँचमध्ये चढवायला तांडेलाने साफ नकार दिला, आणि बरोबरच होतं त्याचं. मग कपाटासाठी टेम्पो ठरवला. गुहागर, चिपळूण, खेड, दापोली असा वळसा घालत ते तिसऱ्या दिवशी कोळथऱ्याला पोचलं. माझ्या माहेरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, उभं राहिलं की दाभोळचे माड दिसतात. कपाटाला मात्र सव्वाशेच्या वर किलोमीटर फिरून यावं लागलं.

पुढची बारा वर्षं दादा माझ्या घरी यायचे ते हातात पिशवी घेऊन. लाँच, मग दाभोळहून एसटी, मग फाट्यावरून चालत. जेवढं हातात मावेल तेवढंच आणता येई, आणि हे त्यांना फार लागायचं. २००३ मध्ये सुवर्णदुर्ग शिपिंग अँड मरीन सर्व्हिसेसने दाभोळ-धोपावे गाड्या नेणारी बोट सुरू केली. पुढच्या मे महिन्यात दादा स्वतःची बजाज चेतक घेऊन आमच्या अंगणात आले. पुढे पायाशी आडवा बरका फणस, मागे सुतळीने बांधलेली कोकमाची गोणी. घामाने निथळत होते. आल्या आल्या म्हणाले, "अगो, गाडी बोटीत स्टँडवर होती, तरी मी हँडल सोडलं नाही." दहा मिनिटं दोन्ही हातांनी स्कूटर धरून उभे होते. त्यानंतर ते गेले तोपर्यंत एकही उन्हाळा असा नाही की चेतक आमच्याकडे आली नाही.

आता सेवेबद्दल.

बोट म्हणजे सपाट लोखंडी तराफ्यासारखी, तोंडाला खाली पडणारा रॅम्प, बाजूने वर जायला जिना, वर बसायला बाकं. धक्क्याला लागताना आधी साखळीचा खडखडाट येतो, मग रॅम्प काँक्रीटवर घासतो आणि पायाखाली बारीक थरथर जाणवते. खलाशी गुडघाभर पाण्यात उभा राहून हाताने खुणा करतो. आधी पायी माणसं उतरतात, मग दुचाक्या, मग गाड्या. चढतानाही त्याच्याकडेच बघायचं, शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे नाही. एका बाजूलाच रॅम्प असलेली बोट असेल तर गाडी उलटी चढवायला सांगतात, म्हणजे पलीकडे सरळ उतरते. नवख्याला घाम फुटतो. पण ही पोरं स्टेअरिंग कुठे किती फिरवायचं ते इंचाइंचाने सांगतात. माझी सून पहिल्यांदा गाडी घेऊन चढली तेव्हा त्या खलाशाने तिला तीनदा मागेपुढे करायला लावलं, आवाज चढवला नाही, मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला तर त्यालाच हात दाखवून थांबवलं. गाडी लागली की चाकाखाली लाकडी ठोकळा सरकवतो आणि वाकून हाताने हलवून बघतो. प्रत्येक गाडीला. इतक्या वर्षांत हा ठोकळा हलवून बघणं चुकलेलं मी पाहिलं नाही, आणि माझा या सेवेवरचा विश्वास त्या ठोकळ्यावर उभा आहे.

भरती-ओहोटीचं गणित मात्र तुमचं तुम्ही ठेवायचं. उधाणाच्या दिवसांत, अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, ओहोटीला पाणी फार खाली जातं. रॅम्प उतरता लागतो आणि काँक्रीटचा शेवाळलेला भाग उघडा पडतो. पोट खाली असलेल्या गाड्या अशा वेळी तिरक्या आणि अगदी हळू घ्या. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, हा त्रास जवळजवळ नसतो. दुचाकीवाल्यांनी मागे बसलेल्याला आधी उतरवावं. हे मी कळकळीने सांगते, कारण शेवाळावर घसरलेली माणसं बघितली आहेत.

भाडं? पायी माणसाला चहा-भजीच्या पैशांत पलीकडे जाता येतं. गाड्यांचे दर आकाराप्रमाणे, खिडकीवर लिहिलेले असतात. आमच्या पिकअपचा हिशोब सांगते. कोळथऱ्याहून अंजनवेलला चिपळूणमार्गे जायचं तर जेटीपेक्षा शंभरेक किलोमीटर जास्त. पिकअप लिटरला बारा किलोमीटर देते, म्हणजे एका खेपेला आठ-नऊ लिटर डिझेल वाचतं, शिवाय तीन तास. आमचा आंब्याचा मोठा माल दापोलीवरून वाशीला जातो, त्याचा खाडीशी संबंध नाही. पण घरगुती गिऱ्हाइकांच्या पेट्या, गुहागर, शृंगारतळी, चिपळूणच्या, त्या सगळ्या जेटीने जातात. हे गिऱ्हाईक २००३ आधी आमचं नव्हतंच. खाडीपलीकडे आंबा विकायचा ही कल्पनाच घरात कोणी केली नव्हती.

सकाळच्या पहिल्या बोटीला जाऊन बघा एकदा. वेलदूरच्या मासळीवाल्या टोपल्या घेऊन येतात. कॉलेजची पोरं. दुधाचे कॅन. कुणाचा तरी दवाखान्याचा कागद हातात. पर्यटक त्या वेळी झोपलेले असतात. त्या बोटीला गर्दी असते पण रेटारेटी नसते, कारण सगळी एकमेकांना ओळखतात आणि टोपलीला आधी वाट दिली जाते.

२०२१ च्या जुलैत वाशिष्ठीने चिपळूण बुडवलं. २२ तारखेला आमच्याकडे टीव्हीवर बाजारपेठ पाण्यात दिसत होती, महामार्ग बंद. तेच पाणी दुसऱ्या दिवशी आमच्या खाडीतून समुद्राकडे चाललेलं. लालभडक, झाडंबिडं, भांडी, एक प्लास्टिकची खुर्ची उलटी होऊन तरंगत चाललेली. माझी मामेबहीण चिपळूणला, तिचा फोन लागत नव्हता, आणि आई अंजनवेलला एकटी बसून रडत होती. पाणी ओसरल्यावर मी आईकडे गेले ती जेटीनेच. चिपळूणमार्गे जाण्याचा प्रश्नच नव्हता. आतला मोठा रस्ता कोलमडला तेव्हा किनाऱ्याच्या रस्त्याचा हा पाण्यातला तुकडा चालू होता.

जमिनीवरच्या तुकड्यांबद्दल मला एवढं चांगलं बोलता येत नाही. तीन वर्षांपूर्वी मेच्या शेवटच्या आठवड्यात, पहिला वळीव पडून गेल्यावर, खाडीकडे उतरणाऱ्या एका वळणावर आमच्या पिकअपचं टायर फुटलं. पाइपलाइनसाठी आडवा चर खणला होता आणि ठेकेदाराने नुसती माती लोटून दिली होती. पावसाने माती खचली. ना दगड, ना झेंडा, ना फांदी खोचलेली. ४० पेट्या रस्त्याच्या कडेला उतरवल्या, चाक बदललं, पुन्हा चढवल्या. खालच्या थरातल्या ६ पेट्या चेपल्या होत्या. बोट चुकली, पुढची मिळाली, गिऱ्हाइकाने ऐकून घेतलं. पण कोणी दुचाकीवरून अंधारात आला असता तर? बोटीत दर फेरीला चाकाखाली ठोकळा लावणारी पोरं आहेत आणि रस्त्यावर भरलेला चर एकदा बघून जाणारं कोणी नाही, याचा मला अजून राग येतो.

आता समोर काय दिसतं ते. दाभोळहून निघालात की उजवीकडे समुद्राचं तोंड. त्या तोंडावर पलीकडच्या टेकाडावर अंजनवेलचा गोपाळगड. १७४५ मध्ये तुळाजी आंग्र्यांनी तो सिद्दीकडून घेतला आणि हे नाव दिलं. आमच्या लहानपणी तो नुसता किल्ला होता, आम्ही तिथे करवंदं तोडायला जायचो. गडाच्या अलीकडे वेलदूरच्या होड्या. डावीकडे खाडी आत वळते, चिपळूणच्या गोवळकोटपर्यंत. पूर्वी मुंबईची आगबोट दाभोळला लागली की घाटमाथ्याकडे जाणारी माणसं इथून लहान बोटीने गोवळकोटला जात. म्हणजे त्या काळात खाडी हाच रस्ता होता, आणि दाभोळ हा त्याचा नाका. आता खाडी रस्ता अडवते असं आपण म्हणतो.

मागे वळून दाभोळकडे बघा. आज माडांत दडलेलं झोपाळू गाव दिसतं. बहामनी आणि आदिलशाही काळात हे कोकणातलं मोठं बंदर होतं. अफानासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी १४७० च्या दशकात परतीच्या वाटेला लागला तो इथूनच. आला होता चौलला, म्हणजे याच सागरी महामार्गाच्या उत्तरेकडच्या टोकाजवळ. डिसेंबर १५०८ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने दाभोळ जाळलं. त्यानंतरही गाव उभं राहिलं. बंदराजवळची घुमटाची जुनी मशीद सतराव्या शतकातली, विजापूरच्या आयेशाबीबीने बांधली असं सांगतात. गावातले लोक तिला अंडा मशीद म्हणतात. बोटीला अर्धा तास असेल तर गाडी रांगेत लावून तिथे जाऊन या. आतल्या अंगणात दुपारीसुद्धा गारवा असतो. चपला बाहेर, आवाज हळू.

आणखी एक गोष्ट नवीन लोकांना गोंधळात टाकते. एन्रॉन या अमेरिकी कंपनीने सुरू केलेला 'दाभोळ' वीज प्रकल्प दाभोळला नाही. तो पलीकडे, आमच्या अंजनवेल-रानवीच्या सड्यावर. जमिनी गेल्या गुहागर तालुक्याच्या, मोर्चे निघाले तिथे, आणि नाव जगभर गेलं खाडीच्या अलीकडच्या गावाचं. माझ्या माहेरच्या माणसांना हे आजही खटकतं. म्हणून बोटीत कोणी पर्यटक समोर बोट दाखवून काही सांगायला लागला की मी त्याला नीट समजावून देते.

उणं काय, तर रात्र. हा दोष म्हणून लिहीत नाही. रात्रभर बोट चालवणं परवडणारं नाही आणि खाडीत ते सोपंही नाही, हे मला कळतं. पण शेवटची बोट गेली की आमचं माहेर पुन्हा १९९१ मध्ये जातं. आईला श्वासाचा त्रास झाला तेव्हा भावाचा फोन रात्री साडेअकराला आला. आम्ही दापोली, खेड, चिपळूण, गुहागर करत पहाटे पोचलो. तोवर भावाने तिला दवाखान्यात नेऊन आणलं होतं, ती बरी होती, चहा पीत होती. पण त्या रात्री गाडीत चार तास मी एकच विचार करत होते, की समोरच्या तीरावर आहे ती, होडीच्या अंतरावर.

म्हणून पूल हवा. याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सागरी महामार्गाच्या खाड्यांवरच्या पुलांच्या निविदांच्या, भूमिपूजनांच्या बातम्या येत असतात. बाणकोटचा अर्धवट राहिलेला पूल बघितलेल्या माणसाला बातमीवर लगेच विश्वास ठेवता येत नाही, पण एक ना एक दिवस होईल. माझी काळजी वेगळी आहे. खाडीत जहाजं येतात, म्हणजे पूल उंच बांधावा लागणार, सड्यावरून सड्यावर. बंदरावर राहणाऱ्या माणसाला तो डोक्यावरून जाईल. वेलदूरच्या मासळीवाल्या बाईने टोपली घेऊन सडा चढायचा, पूल चालायचा आणि पुन्हा खाली दाभोळच्या बाजारात उतरायचं, हे होणार नाही. पूल झाल्यावर गाड्या कमी होतील, बोट परवडेनाशी होईल, आणि पायी माणसं पुन्हा होडीवर येतील. पुलाच्या कामाबरोबरच दिवसाच्या चार तरी फेऱ्या पायी माणसांसाठी राहतील अशी तरतूद आत्ताच व्हावी. दोन्हीकडच्या ग्रामपंचायतींनी हे मागून घ्यावं. मी आमच्याकडे बोलले आहे.

तोपर्यंत मुंबईहून खाली येणाऱ्यांसाठी. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडी नेणारी बोट २०२० पासून आहे. पुढे आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, मग ही, मग तवसाळ-जयगड. घाई नसेल तर हा सगळा किनारा महामार्गाला न शिवता करता येतो. नाताळात आणि मेच्या सुट्टीत मात्र रांगा लागतात. दुपारी चारनंतर येऊ नका, सकाळी नऊच्या आत या. वेळापत्रक पावसाळ्यात आणि हंगामात बदलतं, निघण्याआधी विचारून घ्या. गाडीत काच लावून बसू नका, दहा मिनिटंच आहेत, खाली उतरा. लाइफ जॅकेट कुठे ठेवली आहेत ते एकदा बघून ठेवा.

पाचपैकी साडेचार. अर्धा रात्रीसाठी राखून ठेवला आहे.

धोपाव्याला उतरल्यावर चढ लागतो. पहिल्या वळणावर थांबू नका, मागून बोटीतल्या सगळ्या गाड्या एकदम येतात. पुढे सपाटीला कडेला जागा आहे, तिथून खाडी पूर्ण दिसते. दादा चेतक तिथे लावून दाभोळकडे बघत बिडी ओढायचे, आणि मग आईला जाऊन सांगायचे की पोरीचं गाव आज स्वच्छ दिसतंय.